सुमो परत येणार म्हणतात, पण तिच्याखाली चेसिस कोणती राहणार?

सध्या गावागावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरून राहिला. चौकोनी तोंडाची उंच गाडी, छतावर कॅरियर, मागच्या दाराला स्टेपनी, आणि वर मोठ्या अक्षरात की टाटाची नवी सुमो येऊन राहिली. यूट्यूबवर तर अशा व्हिडिओंचा पूर आहे. बरेचसे फोटो एआयनं बनवलेले असतात हे जरा नीट पाहिलं की समजते, एका फोटोत हेडलाईट गोल तर दुसऱ्यात चपटे, एका चाकाला पाच नट तर दुसऱ्याला सहा. तरी लोक फॉरवर्ड करतात कारण ही गाडी परत यावी असं त्यांना मनापासून वाटते, आणि ते मी समजू शकतो. दारव्हा-दिग्रस असो, परतवाड्यावरून धारणी असो की अहेरीकडून एटापल्ली असो, एसटी चुकली की काळीपिवळी, आणि काळीपिवळी म्हणजे कमांडर, ट्रॅक्स नाहीतर सुमो, हे वर्षानुवर्षं चालत आलं. लग्नाचं वऱ्हाड तिच्यातच, बाळंतीण तिच्यातच, आणि रात्री कोणाला साप चावला तर तालुक्याच्या दवाखान्यात पण तिच्यातच. त्यामुळे "परत येणार" म्हटलं की माणूस दोन मिनिटं थांबते.

म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो, की एखादी बंद पडलेली रांगडी गाडी कंपनी परत आणते म्हणजे नेमकं काय परत आणते, आणि अशा बातम्यांतली कोणती बातमी धरायची न् कोणती सोडायची. माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडीचं नाव परत आणायला कंपनीला फार काही लागत नाही. चेसिस परत आणायला मात्र पिकअप लागते. ज्या कंपनीकडे आजच्या नियमात बसणारी दणकट पिकअप आहे तिच्याबद्दलच्या अफवेत दम असतो, बाकीच्यांच्या अफवेत नुसतं नाव असते.

आता चेसिस म्हणजे काय ते पाहू. बैलबंडी डोळ्यासमोर आणा, खाली दोन लांब दांड्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि या सांगाड्यावर वरचा भाग बसवलेला, वरचा भाग मोडला तरी बंडी चालते, पण दांडी मोडली की संपलं. जुन्या जीपगाड्यांचं असंच होतं. दोन जाड लोखंडी रेल, मध्ये आडवे तुकडे, म्हणून तिला लॅडर फ्रेम म्हणतात. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे (लीफ स्प्रिंग), ॲक्सल सगळं त्या फ्रेमला लटकवलेलं, बॉडी वरून रबराच्या बुशवर ठेवून बोल्टनं कसलेली. रस्त्याचा मार फ्रेम खाते, बॉडीपर्यंत कमी पोचते. बॉडी सडली तर वेल्डिंग करून नवा पत्रा लावा, गाडी चालू. आमच्या इकडच्या गॅरेजात मी सुमोची पूर्ण बॉडी वर उचलून बाजूला ठेवलेली पाहिली आहे, खाली फ्रेम, इंजिन न् चार चाकं एवढंच उभं, आणि मिस्त्री म्हणते, "भाऊ, आता चावी मारली तर अशीच चालत जाईल पाय."

दुसरा प्रकार मोनोकॉक. यात वेगळी फ्रेम नसतेच. फरशी, खांब, छत, दाराच्या चौकटी हे सगळे पत्रे एकमेकांना वेल्ड करून एकच पोकळ सांगाडा केलेला असते आणि तोच पूर्ण भार घेते. वजन कमी, ॲव्हरेज जास्त, हायवेवर गाडी डोलत नाही, बसायला खाली, अपघातात पुढचा भाग ठरवल्यासारखा चुरगळते आणि आतल्या माणसाला मार कमी बसते. आज शहरात ज्यांना एसयूव्ही म्हणून विकतात त्या जवळपास सगळ्या मोनोकॉकच आहेत. हा प्रकार हलका आहे असं मी अजिबात म्हणत नाही, ८० टक्के लोकांसाठी तोच बरा आहे. पण रोज दहा माणसं, छतावर चार पोती, खाली गोट्यांचा रस्ता, असं वीस वर्षं ओढायचं असंल, आणि तेही तालुक्याच्या मिस्त्रीकडून दुरुस्त करून करून, तर तिथं फ्रेमवाली गाडीच टिकते.

सुमो १९९४ मध्ये आली. नावातलं सु आणि मो हे टेल्कोचे, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचे, एकेकाळचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांच्या नावातून घेतलेलं. गाडी टाटाच्या पिकअपच्या घराण्यातूनच निघालेली, साधारण २ लिटरचं डिझेल इंजिन, लॅडर फ्रेम, मागच्या चाकाला जोर. हे शेवटचं जरा लक्षात ठेवा, कारण लोक सुमोला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर असलेली, समजतात, पण आपल्याकडे फिरणाऱ्या बहुतेक सुमो टू व्हील ड्राइव्हच होत्या. ती कुठंही जायची कारण ती उंच होती, जड होती, मागची चाकं ढकलायची आणि मागच्या सीटांवर माणसं बसली की त्या चाकांवर वजन यायचं. पुढं व्हिक्टा आली, ग्रँडे आली, गोल्ड आली, आणि २०१९ मध्ये सुमो बंद झाली.

त्याच सुमारास जिप्सीही गेली. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी २०१९ च्या आसपास सामान्य माणसाला मिळणं बंद झाली, सैन्याला मात्र नंतरही देत राहिले. आपल्याकडे ताडोबाच्या मोहर्ली गेटवर, पेंचला, मेळघाटात, पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या त्याच. जुनी सफारी स्टॉर्म पण २०१९ मध्येच थांबली. एकाच वेळी तीन गाड्या का गेल्या? लोकांना वाटते कंपन्यांनी जुन्या ग्राहकाला लाथ मारली. कारण तसं नाही.

२०१७ ते २०२० या तीन वर्षांत नियमांचा एकच ढीग आला. ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या मॉडेललाही समोरून आणि बाजूनं धडकेची चाचणी पास करणं बंधनकारक झालं, समोरून म्हणजे ताशी ५६ किमीनं, गाडीच्या तोंडाच्या ४० टक्के भागावर. एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी सोय), जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टचा इशारा, मागचे पार्किंग सेन्सर. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचा कडक नियम. आता १९८० किंवा १९९० च्या दशकात आखलेल्या गाडीला एअरबॅग लावायची म्हणजे नुसती पिशवी बसवणं नसते, डॅशबोर्ड नवा, स्टिअरिंगचा दांडा नवा, धडकेत फ्रेमचं तोंड कुठून वाकलं पाहिजे याचा पूर्ण हिशोब नवा. एवढं करण्यापेक्षा नवी गाडी काढलेली परवडते. खप महिन्याला दहा हजार असता तर केलंही असतं, पण या गाड्यांचा खप तोवर खाली आला होता.

डिझेलचं तर आणखी अवघड. बीएस-६ मध्ये धुराच्या नळीत डीपीएफ नावाची गाळणी लागते, ती काजळी धरते आणि भरली की ती जाळून साफ करावी लागते. जाळायला नळीत ताप लागते, ताप यायला गाडी सलग काही वेळ बऱ्या वेगात चालावी लागते. आता आपल्याकडचं चालवणं पाहा, घरून वावरात तीन किमी, वावरातून बाजारात पाच किमी, सगळं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. गाळणी भरते, डॅशवर पिवळा दिवा लागते, माणूस दुर्लक्ष करते, मग गाडी पॉवर कमी करते आणि शेवटी टो करून जिल्ह्याला न्यावी लागते कारण इकडच्या मिस्त्रीकडे स्कॅनर नसते. म्हणून आज कोणी जुन्या सुमोचं इंजिन जसंच्या तसं परत मागत असंल तर ते होणे नाही. नवी सुमो आली तरी तिच्यात गाळणी राहणार, सेन्सर राहणार, आणि काही डिझेल गाड्यांना तर युरियाचं वेगळं द्रावण पण टाकावं लागते. ज्याचं रोजचं चालवणं कमी अंतराचं आहे त्यानं आठवड्यातून एकदा तरी गाडी हायवेला नेऊन अर्धा तास नीट चालवावी, हे कोणतीही नवी डिझेल घेणाऱ्याला मी सांगत असतो.

दहा सीटांचं पण तसंच. मागं आडव्या बाकड्यांवर समोरासमोर बसायची सोय धडकेत फार वाईट ठरते, पट्टा असून उपयोग नसते. महिंद्राच्या २०२० च्या थारमध्ये सुरुवातीला आडव्या सीटवालं मॉडेल होतं, कंपनीनं ते थोड्याच दिवसांत बंद केलं. त्यामुळे ते वऱ्हाड कोंबायचं चित्र मनातून काढून टाका.

आता करांकडे या, कारण अर्धं भांडण इथंच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-डिझेल गाडीवर जीएसटीचे दोनच मुख्य दर राहिले. लांबी ४ मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोल असंल तर १२०० सीसी, डिझेल असंल तर १५०० सीसीच्या आत, तर १८ टक्के. यातली एक अट जरी हुकली तरी ४० टक्के. आधी मोठ्या एसयूव्हीवर सेस धरून ५० टक्के लागायचे आणि छोट्या डिझेलवर ३१, म्हणजे फरक १९ टक्क्यांचा होता. आता दोघांचेही दर उतरले पण फरक २२ टक्क्यांचा झाला. कारखान्यातून १० लाखाला निघालेली गाडी एका खान्यात ११ लाख ८० हजाराला पडते, दुसऱ्या खान्यात १४ लाखाला, आरटीओ आणि विमा वेगळाच. सुमो गोल्ड ४ मीटरच्या वर होती आणि इंजिन जवळपास ३ लिटरचं, म्हणजे आज ती सरळ ४० च्या खान्यात. थारचं पाहा, तिचं मागच्या चाकाला जोर देणारं १५०० सीसी डिझेल मॉडेल १८ मध्ये बसते आणि तीच बॉडी २२०० सीसी डिझेल फोर बाय फोर घेतली की ४० मध्ये जाते. सरकारनं मुद्दाम चिखलात जाणाऱ्या माणसावर कर लावला असं नाही, पण परिणाम तोच झाला, की ज्याला खरंच गरज आहे त्याला गाडी महाग पडते. माझ्या मते भामरागडसारख्या भागासाठी, जिथं पर्लकोटा नदी फुगली की पावसाळ्यात गाव तुटते, हा नियम विचार करण्यासारखा आहे.

बोलेरो का टिकली याचं उत्तर याच हिशोबात आहे. २००० मध्ये आलेली ही गाडी आधी ४ मीटरपेक्षा थोडी लांब होती. २०१६ मध्ये महिंद्रानं पॉवर प्लस काढली, लांबी ४ मीटरच्या आत आणली, इंजिन १४९३ सीसीचं बसवलं, आणि फ्रेम, मागचे पाटे, मागच्या चाकाचा जोर तसाच ठेवला. नंतर एअरबॅग आली, एबीएस आलं, बीएस-६ झालं. आज ती १८ टक्क्यांत बसते. आणि मुख्य म्हणजे बोलेरोच्या नावाची पिकअप गावोगावी कापूस, भाजीपाला, बकऱ्या वाहते. फ्रेमचा, गिअरबॉक्सचा, ॲक्सलचा कारखाना पिकअपच्या जीवावर चालते, वर एसयूव्हीची बॉडी त्यामानानं स्वस्तात निघते.

इथंच माझा मुद्दा येते. जगभरात ज्या ज्या रांगड्या गाड्या खऱ्या अर्थानं परत आल्या त्यांच्याखाली पिकअप होती. फोर्डची ब्रॉन्को १९६६ ते १९९६ चालली, बंद झाली, २०२० मध्ये नवी दाखवली न् २०२१ पासून रस्त्यावर आली, लॅडर फ्रेमवर, कारण फोर्डकडे रेंजर पिकअपची चेसिस तयार होती. आपल्याकडे जी एंडेव्हर होती ती पण रेंजरचीच बहीण. टोयोटाची फॉर्च्युनर हायलक्सच्या घराण्यातली. आणि मित्सुबिशीच्या पजेरोच्या अफवा ज्या सतत येत राहतात, त्यांना मी थोडं वजन देतो. पजेरो १९८२ ची, डकार रॅली १२ वेळा जिंकलेली, त्यातल्या २००१ ते २००७ अशा सात सलग. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्स ती चेन्नईजवळ बनवायची आणि एकेकाळी नेत्यांच्या ताफ्यात ती असायचीच. २०२१ मध्ये तिचं उत्पादन जपानमध्ये संपलं. पण मित्सुबिशीनं २०२३ मध्ये ट्रायटन नावाची नवी पिकअप काढली, तिची लॅडर फ्रेम नव्यानं केलेली. म्हणजे खालचं सामान तयार आहे, वरची बॉडी बसवायची. अशी अफवा निदान शक्यतेच्या कक्षेत असते. ती भारतात येईल का हा प्रश्न वेगळा, त्यासाठी इथं कारखाना, डीलर, सुट्या भागांचं जाळं लागते, आणि ते नसताना यवतमाळच्या माणसानं तिच्यावर जीव लावण्यात अर्थ नाही.

उलट उदाहरण लँड रोव्हर डिफेंडरचं. जुनी फ्रेमवाली डिफेंडर जानेवारी २०१६ मध्ये संपली, २०१९ मध्ये नवी दाखवली ती मोनोकॉक. आणि ती चिखलात, पाण्यात, डोंगरात भारी चालते, हे खोटं नाही. पण त्यासाठी ॲल्युमिनियमचा सांगाडा, एअर सस्पेन्शन, पानभर इलेक्ट्रॉनिक्स, आणि किंमत कोटीच्या घरात. मोनोकॉक रांगडी करता येते पण त्याचे पैसे आपल्या खिशाबाहेरचे असतात.

आता टाटाकडे वळा. टाटानं दोन जुनी नावं परत आणून दाखवलीच आहेत, त्यामुळे सुमोची अफवा येणं साहजिक आहे. १९९८ ची सफारी लॅडर फ्रेमवर होती, फोर बाय फोर मिळायची. २०२१ मध्ये सफारी नाव परत आलं ते हॅरियरच्या मोनोकॉकवर, जोर पुढच्या चाकाला, फोर बाय फोर नाहीच. चांगली गाडी आहे, कुटुंबाला घेऊन नागपूर-पुणे करायचं असंल तर जुनीपेक्षा शंभर पटीनं बरी. पण जुनी सफारी घेऊन जो वावरात जायचा तो या सफारीचा ग्राहक राहिला नाही. मग सिएरा. १९९१ ची सिएरा टाटामोबाईल पिकअपवरून काढलेली, तीन दारांची. तिचं कॉन्सेप्ट मॉडेल फेब्रुवारी २०२० च्या ऑटो एक्स्पोत दाखवलं, आणि गाडी विकायला आली २५ नोव्हेंबर २०२५ ला, ११ लाख ४९ हजारापासून, पूर्ण नव्या मोनोकॉक प्लॅटफॉर्मवर, जोर पुढच्या चाकाला. कॉन्सेप्ट ते शोरूम पाच वर्षांवर गेले, हे आकडे ध्यानात ठेवा. आज ग्रुपवर फोटो आला न् दिवाळीला गाडी घेऊ, असं होत नसते.

टाटाकडे पिकअप आहे का? आहे, योद्धा. पण ती आधीच्या झेनॉनच्या घराण्यातली, मूळ जुनंच, आणि मालवाहू गाडीला प्रवासी गाडीइतक्या कडक धडक-चाचण्या लागत नाहीत. त्यामुळे योद्धाच्या फ्रेमवर उद्या सुमोची बॉडी ठेवून विकता येईल असं सोपं नाही, फ्रेमच नव्यानं आखावी लागते. आणि लॅडर फ्रेम म्हणजे अपघातात कमी सुरक्षित ही सबब आता चालत नाही. थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे (धडक-चाचणी घेऊन स्टार देणारी संस्था) ४ स्टार मिळाले, स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये ५, थार रॉक्सला २०२४ मध्ये भारत एनकॅपचे ५. तिन्ही फ्रेमवाल्या. म्हणजे करता येते, पण कोणीतरी आधी पैसे घालून नवी फ्रेम केली म्हणून. म्हणून मी सुमोच्या फोटोंकडे पाहात नाही, टाटाच्या पिकअपच्या बातम्यांकडे पाहतो. नवी पिकअप नवीन फ्रेमवर आली तर सुमोबद्दल बोलू. नाहीतर सुमो नावाची गाडी आली तरी ती सात सीटांची, पुढच्या चाकावर चालणारी, मोनोकॉक असण्याची शक्यताच जास्त, आणि त्यात कंपनीचं काही चूक पण नाही, कारण विकत घेणारे जास्त तीच मागतात.

याचा पुरावा जिम्नी. वीस वर्षं लोक म्हणत होते जिप्सीची पुढची पिढी आणा. मारुतीनं जानेवारी २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी दाखवली, जूनमध्ये १२ लाख ७४ हजारापासून विकायला काढली. लॅडर फ्रेम, लो गिअर असलेलं खरं फोर बाय फोर, २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स. सगळं मागितलं तसं. पण इथं तिचा खप कंपनीच्या आशेपेक्षा फार खाली राहिला, कारण पेट्रोल, चारच सीट, आणि दीड लिटर इंजिन असल्यामुळे ४ मीटरच्या आत असूनही मोठ्या कराच्या खान्यात. तीच गाडी गुरुग्रामवरून जपानला नोमाड नावानं गेली तर जानेवारी २०२५ च्या शेवटापासून चार दिवसांत जवळपास ५० हजार ऑर्डर आल्या आणि बुकिंग थांबवावं लागलं. कंपन्या हे पाहतात. ग्रुपवरचे लाइक वेगळे न् डीलरकडचे चेक वेगळे, हे त्यांना पाठ झालेलं आहे.

चिखलाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण फोर बाय फोर म्हणजे कुठंही जाते असा समज फार आहे. आपली काळी माती म्हणजे फुगणारी चिकणमाती, पाणी पिलं की ती टायरच्या नक्षीत अशी भरते की पाच मिनिटांत टायर गुळगुळीत होते. पांदणीत गाडी जरा बाजूला घसरली, एक मागचं चाक गाळात, दुसरं धुऱ्याच्या कोरड्या कडेवर. आता ॲक्सलमधलं डिफरेन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा गिअरचा गोळा, दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, आणि तो जोर किती, तर कमी पकड असलेल्या चाकाला जेवढा पेलेल तेवढाच. गाळातल्या चाकाला पकडच नाही, म्हणून धुऱ्यावरच्या चाकालाही जवळपास शून्य. गाळातलं चाक गरगर फिरते, चिखल मागच्या माणसाच्या तोंडावर, कोरडं चाक जागचं हलत नाही. हे टू व्हीलमध्ये होते न् साध्या फोर बाय फोरमध्येही होऊ शकते, पुढचं एक न् मागचं एक चाक गाळात गेलं की चारही बंद. यावर उपाय म्हणजे डिफ लॉक, जो दोन्ही चाकांना एकत्र बांधते. फोर्स गुरखात पुढं-मागं दोन्हीकडे तो मिळते, काही थारमध्ये मागं मिळते, जिम्नीत ब्रेक मारून फिरणारं चाक अडवायची सोय आहे. लो गिअरचं काम वेगळं, त्यानं चाक हळू फिरते पण जोर दुपटीच्या वर होते, रपट्यावरून गोट्यांतून हळू चढायला, उतारावर ब्रेक न तापवता उतरायला. आणि या सगळ्याच्या आधी टायर. हायवेचे टायर घालून लॉकवाली गाडी पण काळ्या मातीत फसते, आणि चांगले मडचे टायर, हवा थोडी कमी, असं करून साधी बोलेरो निघून जाते. शोरूममध्ये ऑल व्हील ड्राइव्ह म्हणून जे सांगतात त्यात बहुतेक वेळा लो गिअर नसते, बर्फ-पावसाच्या रस्त्यासाठी ते ठीक आहे, पांदणीसाठी नाही. विचारून घ्या, आणि सेल्समनला सांगता आलं नाही तर गाडीचं ब्रोशर मागा, त्यात ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढं-मागं जोर वाटणारा लो गिअरचा डबा, आहे की नाही ते लिहिलेलं असते.

अफवा वाचताना दोन-तीन गोष्टी पाहायच्या. "कंपनीनं नावाचा ट्रेडमार्क नोंदवला" ही बातमी फार कामाची नाही, कारण ट्रेडमार्क दहा वर्षांनी नूतनीकरण करावं लागते आणि पाच वर्षांच्या वर वापरलाच नाही तर दुसरा कोणी तो काढून टाकायला अर्ज करू शकते, म्हणून कंपन्या जुनी नावं सांभाळून ठेवतात, गाडी आणायची असो नसो. झाकलेल्या गाडीचे रस्त्यावरचे फोटो जास्त कामाचे, त्यातही वरचा आकार पाहू नका, खाली वाकून पाहा, मागं जाड ॲक्सल आणि मधोमध डिफरेन्शियलचा गोळा दिसते का, चाकांच्या मध्ये रेल दिसते का. टायरच्या मागून स्वच्छ मोकळी जागा दिसत असंल तर जोर बहुधा पुढच्या चाकाला आहे. आणि सगळ्यात पक्की बातमी कंपनीच्या स्वतःच्या पत्रकाची, ते जोवर नाही तोवर कोणी कितीही किंमत सांगो, ती बनवलेली आहे. बुकिंगसाठी लिंक आली, क्यूआर आला, तर एक रुपया टाकू नका, बुकिंग डीलरच्या काउंटरवर किंवा कंपनीच्या वेबसाइटवरच होते.

ज्याला आता गाडी लागते त्यानं थांबू नये. माणसं-सामान दोन्ही ओढायचं, दुरुस्ती गावात पाहिजे, तर बोलेरो किंवा बोलेरो निओ. खरंच नाल्यातून, डोंगरातून जायचं, मेळघाट-गडचिरोलीत काम आहे, तर थार फोर बाय फोर, जिम्नी, नाहीतर गुरखा, यात सर्व्हिस सेंटर कोणाचं जवळ ते आधी बघा. आणि बजेट कमी असंल तर जुनी सुमो, जुनी सफारी अजून बाजारात मिळते, पण ती घेताना इंजिनचा आवाज नंतर ऐका, आधी गाडी रॅम्पवर चढवा. मागच्या पाट्याचं हँगर जिथं फ्रेमला जोडलेलं असते तिथं, आणि केबिनच्या खाली जिथं माती साचून राहते तिथं, स्क्रू ड्रायव्हरनं ठोकून पाहा. टणक आवाज आला तर बरं, स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर गाडी सोडा, वरून कितीही चकाचक रंग असो. रेलवर पट्टी ठेवून वेल्डिंग केलेली दिसली तर का केली ते विचारा, कधीकधी ओव्हरलोडनं फ्रेमला तडा गेलेला असते. चेसिस नंबर फ्रेमवरच ठोकलेला असते, तो आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. पंधरा वर्षांवरची गाडी असंल तर फिटनेस करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवलेली आहे की नाही हे एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून पाहा, नसंल तर तो खर्च आणि पर्यावरण कर मालकानं भरायचा की तुम्ही, हे ठरवल्यावरच पैशाचं बोला.